मास्तरांचा आराम

"सोडा! आधी तो हात सोडा! माणूस आहे की पाण्याची बादली?"

मी सोडला. बाबा खुर्चीत धपकन बसले. दारात एक बुटकी बाई धापा टाकत उभी होती. चार जिने चढून आली होती. खांद्याला पिशवी, पायात कापडी बूट. अजून नावही सांगितलं नव्हतं आणि माझ्याच घरात मला ओरडत होती.

"उठवत होतो त्यांना," मी म्हटलं.

"उठवत नव्हतात, उपटत होतात. मुळा उपटतात तसं. या बाजूला लकवा मारलाय ना? खांद्याला धरून ठेवणारे स्नायूच सैल पडलेत. असंच ओढत राहिलात तर सांधा निसटेल आणि मग हे दिवसरात्र कळवळतील. कधीपासून असं उठवताय?"

"पाच आठवडे."

तिने माझ्याकडे पाहिलं. झुरळाकडे माणूस जरा बऱ्या नजरेने बघतो.

ही फिजिओथेरपीवाली. दवाखान्यातून बाबांना घरी सोडलं तेव्हा कागदावर सहा गोळ्या लिहिल्या होत्या आणि सगळ्यांत खाली एक ओळ होती, फिजिओथेरपी लगेच सुरू करा. गोळ्या आम्ही डोळ्यांत तेल घालून दिल्या. शेवटची ओळ कुणी वाचलीच नाही. मी वाचली होती, खोटं कशाला बोलू. पण मला वाटलं, डॉक्टर व्हायला मार्क कमी पडले की लोक हे करत असतील. तेल लावायचं, हात वर, हात खाली, झालं. पाच आठवड्यांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, कितीदा झाली? मी म्हटलं, काय? तेव्हा कुठे ही बाई आली.

"पाय मागे घ्या मास्तर," ती बाबांना म्हणाली. बाबा कपड्याच्या दुकानात कटर. एकतीस वर्षं एकाच टेबलावर कापड कापलं. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. "अजून मागे. आता पुढे वाका. नाक पायाच्या बोटांवर आलं पाहिजे. घाबरू नका, पडलात तर माझ्यावर पडाल. हं, आता उठा."

आणि बाबा उठले. लटपटले, पण उठले. तिने फक्त कमरेला दोन बोटं लावली होती. मी पाच आठवडे त्यांना पोत्यासारखं उचलत होतो. माझी पाठ धरली होती आणि त्याचा मला अभिमानही होता.

आतून आत्या धावत आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई गेल्यापासून आमच्याकडेच असते. बाबांना ती अजून बाळ म्हणते. एकोणसाठ वर्षांचं बाळ.

"अगंबाई, पडेल ना तो! बस रे बाळ, बस! कुणी सांगितलं उठायला? तुम्ही मालिशवाल्या ना? मग मालिश करा की. तेल गरम करून आणू का?"

"मालिश मी करत नाही, आजी. मी घाम काढते. दुसऱ्याचा."

आत्याला आजी म्हटलेलं लागलं. युद्ध तिथेच सुरू झालं.

बाईने मग कपाटावरचे चेंडू पाहिले. भेटायला येणारा प्रत्येक जण बाबांसाठी दाबायला एक रबरी चेंडू आणत होता. कुणाच्या तरी साडूला म्हणे त्याने फरक पडला होता. नऊ झाले होते. बाबा दिवसभर दाबायचे, म्हणजे आम्हीच त्यांची बोटं त्यावर दाबायचो. तिने बाबांची उजवी मूठ हातात घेतली. ती कुलूप लावल्यासारखी बंद होती.

"मूठ मिटायला काय शिकवताय? ती मिटलेलीच आहे. उघडायला शिकवायचंय. हे चेंडू खाली मैदानात वाटून टाका."

मग मला समजेल असं सांगितलं. हात मेलेला नाही. डोक्यातून हातापर्यंत निरोप जात नाहीये. डोक्याचा जो भाग बिघडला तो बिघडला, पण शेजारचा भाग ते काम शिकू शकतो. मात्र फुकट शिकत नाही. एकच काम शंभरदा, दोनशेदा करावं लागतं, तेही रुग्णाने स्वतः. "मी हलवला तर हात माझा शिकेल," ती म्हणाली. "आणि पहिले काही महिने मोलाचे. त्यातले पाच आठवडे तुम्ही चेंडू दाबण्यात घालवले."

मी विचारलं, "महिन्याभरात कात्री धरतील?"

कारण दुकानाच्या मालकांचा फोन आला होता. महिनाअखेरपर्यंत मास्तरांचं टेबल रिकामं ठेवतो म्हणाले होते. बाबांनी ते ऐकलं होतं. तेव्हापासून ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करूनच बसायचे.

"कात्रीचं वचन देणार नाही," बाई म्हणाली. "देणाऱ्याला दारातूनच हाकला. तळहात उघडतो का बघू."

दुसऱ्या दिवसापासून तिने बाबांना टेबल पुसायला लावलं. खरंच. टेबलावर टॉवेल, त्यावर उजवा हात, वर आधाराला डावा. पुढे ढकला, मागे आणा. पन्नासदा. आत्याने तोंडाला पदर लावला.

"माझ्या भावाला फडकं मारायला लावते! ज्याच्या हातचे कपडे घालून लोक लग्नाला उभे राहिले!"

बाबांनाही ते पटलं नव्हतं. त्यांचं तोंड अजून वाकडं होतं, पण तिरस्कार दाखवायला वाकडं तोंड सरळ तोंडापेक्षा बरं पडतं.

दहाएक दिवसांनी उजवी बोटं थोडी सुटायला लागली. टेबलावर ठेवलेला चमचा सरकवायची. मग बाईने पिशवीतून एक जाड लोकरी मोजा काढला, पायात घालायचा, आणि बाबांच्या डाव्या हातात चढवला. चांगल्या हातात.

"रोज दोन तास. जेवणाच्या वेळी नक्की. आता जे करायचं ते उजव्याने. सांडू दे, पडू दे, रडू दे. भरवायचं नाही."

"चांगला हात बांधून ठेवायचा?" आत्या ओरडली. "एक हात देवाने नेला, दुसरा तुम्ही न्या!"

"डावा हात सगळं करतो म्हणून उजवा शिकत नाही. घरात एक कामाचा भाऊ असला की दुसरा लोळतोच."

हे आत्याने माझ्याकडे बघून ऐकलं. मला भाऊ नाही तरी.

मी सकाळी कामावर जायचो, संध्याकाळी यायचो. विचारलं की आत्या सांगायची, हो, मोजा घातला होता, हो, स्वतः जेवला. आठ दिवस असं चाललं. फरक काही दिसेना. मी मनात म्हटलं, बघ, थापाडी निघाली बाई.

रविवारी ती आली. मोजा हातात घेतला. उलटा केला, वास घेतला.

"भात सांडला नाही कधी यावर?"

आत्या म्हणाली, "बाळचं खाणं पहिल्यापासून स्वच्छ."

"आजी, उजव्या हाताने चमचा धरणारा लकव्याचा माणूस आठ दिवस जेवला आणि मोज्यावर एक शीत नाही? मोजा कोरा आहे. अजून घडीची रेघ आहे त्याला."

बाबा कॅलेंडर बघायला लागले. आत्या रोज मोजा बाजूला ठेवून त्यांना भरवत होती. आणि बाबा आ करत होते.

"भरवते!" आत्या शेवटी फुटली. "भरवणारच! हात थरथरतो त्याचा, घास छातीवर पडतो, माझ्याने बघवत नाही! आजारी माणसाने आराम करायचा असतो. आराम केला की आराम पडतो. आपल्यात शब्दच तसा आहे!"

"त्या शब्दानेच निम्मे पेशंट अंथरुणाला खिळवलेत," बाई म्हणाली. "ताप असेल तर करा आराम. याला आराम करून आराम पडत नाही. हात वापरला नाही की डोकं त्याला विसरतं, आणि मग तो कायमचा आराम करतो." मग ती बाबांकडे वळली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागला. "त्यांचं सोडा. त्यांची माया आहे. मास्तर, तुम्ही तोंड कसं उघडलंत?"

बाबा रडले. लकव्यानंतर त्यांना पटकन रडू यायचं, पण हे तसलं नव्हतं.

"उद्यापासून येऊ नका तुम्ही," आत्या म्हणाली. "माणसाला रडवायला येता!"

बाईने पिशवी उचलली. आणि मी? दोन बायकांच्या भांडणात कोण पडणार, असं म्हणून जगातले सगळे नेभळट पुरुष जिथे उभे राहतात, तिथे भिंतीला टेकून उभा राहिलो. दारात ती मला एवढंच म्हणाली, "मोजा ठेवलाय." आणि गेली. तिच्या अंगठ्याला पट्टी होती. पंचवीस वर्षं लोकांचे सांधे हलवून स्वतःचा गेला होता. त्याचं कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला खर्रखर्र आवाज आला. स्वयंपाकघरात बघतो तर बाबा खुर्चीत बसून डाव्या हातात मोजा चढवत होते. उजव्या हाताला ते जमत नव्हतं, म्हणून मोज्याची कड दातांत धरून ओढत होते. लोकर तोंडात गेली होती. खुर्ची फरशीवर घासत होती. मोजा मनगटापर्यंत आला तसं त्यांनी तोंडातले धागे थुंकले आणि म्हणाले, "फोन कर. तिला."

आत्या भरवायला बसली तर त्यांनी ओठ घट्ट मिटले. लहान मुलं मिटतात तसे. तिने तीन दिवस अबोला धरला. त्या तीन दिवसांत बाबांच्या छातीवर, मांडीवर, फरशीवर इतका भात सांडला की मुंग्यांचं लग्न झालं असतं. चमचा उलटा व्हायचा. चौथ्या दिवशी एक घास गेला. बाईने तोंडभर कौतुक केलं नाही. म्हणाली, "आता एकोणपन्नास राहिले."

महिना संपायच्या आदल्या दिवशी मालक आले. आत्याने नवीन चादर घातली, चहा टाकला. मालक चुळबुळत बसले. त्यांच्याकडे कागदात गुंडाळलेला एक शर्ट होता.

"मास्तर, तुमच्यासाठी. नव्या कटरने कापलाय. त्याला म्हटलं, आधी मास्तरांचा काप, मग बाकीच्यांचा."

म्हणजे नवा कटर आला होता. महिना संपला नव्हता. भेटच अशी आणली होती की दुसरं काही सांगायला नको. मला वाटलं, याच्या तोंडावर चहा फेकावा. फेकला नाही, अर्थात. बिस्किटं पुढे केली.

बाबांनी शर्ट टेबलावर ठेवायला सांगितला. पाठीची बाजू वर. मग त्यांनी उजवा हात उचलला. खांदा आधी वर आला, मग कोपर, मग सगळ्यात शेवटी हात, एकेक जण रांगेत आल्यासारखा. तो कापडावर पडला. मुठीतच पडला. आम्ही थांबलो. करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं. अंगठा हटून बसला होता, तोही बाजूला झाला. तळहात कापडावर सपाट टेकला आणि हळूच खाली सरकला, कॉलरपासून कमरेपर्यंत.

"तिरकं," बाबा म्हणाले. शब्द जड होते, पण एकेक वेगळा होता. "कापडाचं सूत. सरळ धरलं नाही. धुतला की... पीळ पडेल."

मालक हसले. "काय नजर आहे मास्तर!"

"नजर नाही," बाबा म्हणाले. "हात."

दोन महिन्यांत आमच्या घरात इतक्या जोरात कुणी कुणाच्या कामाला तुच्छ लेखलं नव्हतं. मालकांनी शर्टाकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"बरं. पण आता तुम्ही काळजी करू नका. एकतीस वर्षं राबलात. आता आराम करा."

"तेच मी सांगते!" आत्या म्हणाली. तिला तळहात दिसलाच नव्हता. ती मालकांच्या चपला दाराकडे वळवून ठेवत होती.

मालक गेले. मी त्यांना जिन्यापर्यंतही सोडायला गेलो नाही. माझा एवढाच पराक्रम.

आत आलो तर बाबा शर्टाची घडी घालत होते. एक बाही आत वळवली, ती सुटली. पुन्हा वळवली. डावा हात त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता. मी दोनदा पुढे झालो, त्यांनी दोनदा फक्त मान हलवली. आत्याने जेवायला हाक मारली. तीनदा मारली. अर्ध्या तासाने घडी झाली. कॉलर एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला.

बाबांनी त्या घडीकडे बघितलं. असली घडी घालणाऱ्या माणसाला त्यांनी दुकानात उभं केलं नसतं. मग त्यांनी ती मोडली, शर्ट पुन्हा टेबलावर पसरला आणि पहिल्या बाहीपासून सुरुवात केली.