आधी मनगट, मग मी

मी एक पेटी बोलतेय. पानाच्या डब्याएवढी, करड्या रंगाची. वर एक बटण, पुढे जाळी, आणि वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढा तुकडा. त्याला सगळे माईक म्हणतात. म्हणू देत. खरं तर त्या तुकड्यातून मी माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात सोडते. आत हलणाऱ्या हृदयावर आपटून तो परत आला, की त्याचा खोलीभर घुमणारा ठोका करून देते. डॉक्टर मंडळी ह्याला अल्ट्रासाउंड म्हणतात. चित्र काढणं मला जमत नाही. पण ठोका ऐकवण्यात मी कुणाला हार जाणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

माझा जन्म विलायतेतला. डॉ. विजयमालाबाईंचे भाऊ तिकडे असतात, त्यांनी मला पंचाहत्तर साली आणलं. वाटेत धक्का लागू नये म्हणून त्यांनी मला दोन लोकरी स्वेटरांत गुंडाळलं होतं. त्या थाटात मी ऐन मे महिन्यात सोलापूरला उतरले! इथल्या उन्हाशी माझी ओळख अशी झाली.

बाईंचं प्रसूतिगृह नवी पेठेत. खेड्यांतल्या बाया त्यांच्यापर्यंत पोचायच्या त्या फार उशिरा, आणि बाईंना तेच खुपत होतं. गावातल्या घरच्या डॉक्टरलाच आपल्या दवाखान्यात बाळाचा ठोका ऐकता आला, तर धोक्यातली बाई वेळेवर निघेल, असं त्यांनी मनाशी धरलं. म्हणून दर रविवारी सकाळी त्यांनी आसपासच्या डॉक्टरांचा वर्ग सुरू केला. जो शिकेल त्याने मला पंधरा दिवस आपल्या गावी न्यायचं.

त्या वर्गात मी फार मजा पाहिली. एरवी रोग्याला दोन वाक्यं पुरी बोलू न देणारी ही माणसं बाईंपुढे शाळकरी पोरांसारखी बसत. मागची जागा आधी भरे. एकाने तर तपासायला आलेल्या गरोदर बाईच्या पोटावर, माझा आवाज आत पोचवणारी जेली न लावताच मला फिरवलं आणि "यंत्र बिघडलंय" म्हणून मोकळा झाला. मी रागाने नुसती खरखरले.

वळसंगचे धोंडीराम डॉक्टर ह्या सगळ्यांत वडीलधारे. पन्नाशी उलटलेली, मिशा झुपकेदार, आणि तीस वर्षं लाकडी नळीला कान लावून बाळाचा ठोका ऐकलेला. त्यांना एक खोड होती. रोगी समोर आला, की त्यांचा डावा हात आपोआप त्याच्या मनगटावर जायचा. त्यांच्या गावात नाडी धरल्याशिवाय तपासल्यासारखं कुणाला वाटतच नाही. पायात काटा मोडला तरी माणूस आधी मनगट पुढे करतो.

वर्गातल्या टेबलावर झोपलेल्या गरोदर बाईचंही त्यांनी आधी मनगटच धरलं.

"डॉक्टर, नाडी नंतर," बाई म्हणाल्या. "यंत्र हलतंय. दोन्ही हात इकडे."

डॉक्टरांनी निमूटपणे मनगट सोडलं. थोड्या वेळाने माझ्यातून धप्प धप्प आवाज आला आणि त्यांनी मिशीवर बोट फिरवून जाहीर केलं, "बाळ ठणठणीत!"

"मोजा बरं."

"ऐंशी."

"बाळाचा ठोका एकशेवीस ते एकशेसाठ. विणकराच्या मागाच्या खटक्यासारखा लगबगीचा. हा आईच्या रक्ताचा आवाज आहे, डॉक्टर. ठणठणीत आहे ती बाळाची आई."

सगळा वर्ग हसला. धोंडीरामांचे कान लाल झाले. बाईंनी पुढे समजावलं, की मंद ठोका लागला तर तो आईचा असेल, नाहीतर बाळ खरंच अडचणीत असेल. पण हशा इतका चालला होता, की ह्यातलं अर्धंच त्यांच्या डोक्यात शिरलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या पिशवीत बसून वळसंगला गेले. तिथे माझं नाव रेडिओ पडलं.

एका दुपारी वच्छला आली. आठवा महिना, सोबत सासू सारजाबाई. वच्छलाची आधीची दोन बाळं पोटातच गेली होती.

"डॉक्टर, सकाळधरनं हाललं न्हाय," एवढंच ती म्हणाली आणि टेबलावर आडवी झाली.

डॉक्टरांनी ट्यूबमधली उरलीसुरली जेली लावली आणि बाईंची शिकवण आठवून दोन्ही हात मलाच दिले. धप्प... धप्प... घड्याळात मोजले, तर ब्याण्णव. त्यांच्या कपाळावर घाम आला. बाळ अडचणीत आहे, हेच शब्द त्यांना आठवले असणार.

"जीप सांगा," ते म्हणाले. "सोलापूरला न्यायचं. पोट उघडावं लागंल."

वच्छलाने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिला रडूही येईना. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं, की अहो, हा तिचाच ठोका आहे, घाबरलेल्या आईचा! पण मला धप्प ह्यापलीकडे बोलता येत नाही. आपण खरं सांगावं आणि ऐकणाऱ्याने भलतंच समजावं, ह्यासारखं दुःख नाही.

सारजाबाई दारातून पुढे आल्या.

"डॉक्टर, माज्या पायात काटा मोडला तवाबी तुमी मनगटच धरलं हुतं. आन् आज पोरीचं पोट फाडायचं म्हणताय, तर तिच्या हाताला हात का लावंनासा?"

"बाईंनी सांगितलंय, दोनी हात यंत्राला."

"मग बाईस्नी सांगा, सारजाबाईनं एक हात सोडवला म्हून!"

डॉक्टरांनी वच्छलाचं मनगट धरलं. माझ्यात धप्प, त्यांच्या बोटाखाली धप्प. पुन्हा माझ्यात, पुन्हा बोटाखाली. दोन्ही एकाच वेळी.

"अगं, ही तर तूच की!" ते जवळजवळ ओरडलेच. "बाळ अजून सापडायचं हाय!"

पण तोवर जेली वाळून गेली होती. मी नुसती खरखरत होते.

"सारजाबाई, तेल आणा! पळा!"

"खायाचं का दिव्याचं?"

"कुठलंबी!"

शेजारच्या घरातून त्या वाटीभर गोडं तेल घेऊन आल्या. डॉक्टरांनी एका हाताने मनगट धरून दुसऱ्या हाताने मला सावकाश खाली सरकवलं, मग डावीकडे. आणि तो सापडला. खटखट, खटखट, खटखट! एकशेचव्वेचाळीस. पठ्ठ्या झोपला होता आणि इकडे आमचा जीव चालला होता.

"लई घाईत हाय की ओ!" सारजाबाई म्हणाल्या, आणि मग वच्छला पोटभर रडली. खरं सांगते, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला स्वतः बाईंकडे नेऊन दाखवून आणलं. रविवारी वर्गात उभं राहून त्यांनी आपली चूक सगळ्यांसमोर सांगितली. ह्या वेळी कुणी हसलं नाही. बाई उठल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी आईचं मनगट.'

"चूक माझी आहे, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तुमचा हात मीच सोडवला होता."

महिन्याभराने वच्छलाला मुलगी झाली.

आता एकोणऐंशी साल संपत आलंय. माझं बटण रबर लावून दाबून ठेवावं लागतं, आणि गोड्या तेलाचा वास अंगातून जात नाही. बाईंकडे नवी पेटी आली आहे, आता गावोगाव तीच फिरते. मला त्यांनी वळसंगलाच ठेवलं. खंडेनवमीला डॉक्टर मला झेंडूचं फूल वाहतात, बाकी दिवस मी फळीवर बसून असते. तक्रार नाही. पुढे माझ्याहून हुशार पेट्या येतील, चित्रंही काढतील म्हणे. त्या वापरणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. आम्ही काहीही ऐकवू, तुम्ही मात्र बाईचा हात हातातून सोडू नका.

गेल्या आठवड्यात नवी पेटी केम गावच्या डॉक्टरांकडे गेली होती आणि नेमकी तेव्हाच वच्छला आली. पुन्हा दिवस गेलेले, सोबत ती लेक. डॉक्टरांनी मला फळीवरून उतरवलं, तेल लावलं आणि डावा हात पुढे केला, तर मनगट आधीच धरलेलं. पोरगी दोन्ही मुठींनी ते घट्ट पकडून उभी होती. डॉक्टर हसले आणि थांबले. मी जीव एकवटून आवाज काढला. आधी सावकाश, धप्प, धप्प. मग जरा सरकल्यावर दुसरा, घाईघाईचा.

पोरीने मनगटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "ह्यो तुजा न्हाय."