आकाइतीने 'नाही' दाबलं

आइतुताकी बेटावरच्या वाइपाए गावात कुठलीही गोधडी आकाइतीने कापड कापल्याशिवाय सुरू होत नसे. कापडाची आठपदरी घडी घालून ती काही न आखता, मनानेच कात्री चालवायची. घडी उलगडली की चारी बाजूंनी फुलं पसरलेली असायची. बाकीच्या बायका ती नक्षी गोधडीवर बसवून फक्त टाके घालायच्या. तिची भावजय मेरेआना त्यांतलीच एक. मागे एकदा मेरेआनाचे टाके सैल पडले, तेव्हा 'हातच कच्चा तुझा' म्हणत आकाइतीने सगळ्यांदेखत ते उसवले होते.

मग शाळेतल्या तुआइने बाईंनी दर बुधवारी दुपारी गावातल्या बायकांना संगणक शिकवायचं ठरवलं. आकाइती सगळ्यांत पुढे जाऊन बसली. पण तो माउस काही तिच्या हाताला वश होईना. बाण भलतीकडेच पळायचा.

"दोनदा टिचकी मारा, आकाइतीताई. भरभर," तुआइने बाई म्हणाल्या.

"मारतेय की! तुझं यंत्रच बहिरं आहे."

शेजारी मेरेआनाने चित्रांचा प्रोग्राम उघडलाही होता. तिने एक चाफ्याची पाकळी काढली, तिची नक्कल केली, उलटी फिरवली, पुन्हा नक्कल केली. बघता बघता अख्खं फूल उमललं. बायका खुर्च्या सोडून तिच्यामागे गोळा झाल्या.

"अगं बाई! आकाइतीताई, आता तुमच्या कात्रीला सुट्टी!" कुणीतरी म्हणालं.

सगळ्या हसल्या. आकाइतीही हसली. पण त्या दिवशी घरी जाताना तिने स्कूटर इतकी जोरात हाणली की रस्त्यावरच्या कोंबड्या उधळल्या.

तिसऱ्या बुधवारी मेरेआनाने चर्चच्या नव्या गोधडीसाठी मोठी नक्षी काढली. दोन तास मान वर केली नाही तिने. मधे चहा आला, गरम डोनट आले, तशा सगळ्या व्हरांड्यात गेल्या. आकाइती मागे रेंगाळली. मेरेआनाच्या पडद्यावर चाफा, नीरफणसाची पानं, मधूनमधून कळ्या. बघत राहावं असं होतं, आणि तेच तिला सहन होईना.

तिने कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली. 'बदल जतन करायचे का?' यंत्राने विचारलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच बाण निमूटपणे तिला हवा तिथे गेला. तिने 'नाही' दाबलं.

मेरेआना परत आली आणि पडद्याकडे बघतच राहिली. तुआइने बाईंनी बरीच शोधाशोध केली, पण चित्र कुठेच सापडलं नाही.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," मेरेआना डोळे पुसत म्हणाली. "मी आहेच वेंधळी."

आकाइतीला वाटलं होतं, आता जिवाला थंडावा मिळेल. तसं काही झालं नाही.

शनिवारी तिचा भाऊ तुरुआ मासे घेऊन आला. "ताई, तू तरी तिला समजाव. बुधवारी जायचं नाही म्हणते. म्हणते, ताई बोलतात ते खरंय, माझा हातच कच्चा."

तो गेल्यावर आकाइतीने मासे तसेच ठेवले आणि भावाचं घर गाठलं. मेरेआना अंगणात नारळ खवत बसली होती.

"तुझं चित्र मी घालवलं," आकाइती उभ्या उभ्याच म्हणाली.

मेरेआनाचा हात थांबला. "चुकून ना?"

"नाही. वाचून, बघून दाबलं."

"का पण, ताई?"

"माझ्या हातून तसं कधी उतरलं नाही म्हणून."

मेरेआना खोबऱ्याची परात बाजूला सारून म्हणाली, "माझे टाके तुम्ही सगळ्यांसमोर उसवले होते. हेसुद्धा सगळ्यांसमोर सांगाल?"

आकाइतीने होकारार्थी मान हलवली.

बुधवारी तिने वर्गात उभं राहून सांगितलं. एकीने "शी!" म्हटलं. मेरेआना आली होती. तिने नवं पान उघडलं आणि पहिली पाकळी काढताच ती जतन केली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा केली.

आकाइतीने खुर्ची जवळ ओढली. "ती नक्कल कशी करतात, मला दाखवशील?"

"आज नाही, ताई. आज मला माझं काढू द्या. पुढच्या बुधवारी दाखवीन."

आकाइती आपल्या पडद्याकडे वळली. तासाभरात तिने एक वाकडंतिकडं वर्तुळ काढलं. शेजारी फुलामागून फूल उमलत होतं. तिकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी ती बघत होती, आणि ते अजूनही तिला सहन होत नव्हतं. जाताना तिने ते वर्तुळ जतन केलं आणि या वेळी मागे न रेंगाळता सगळ्यांबरोबरच बाहेर पडली.