सात किलोचा आळ

मी एक जुनी तागडी आहे, मित्रांनो. दिवेआगरात धर्माजींच्या दुकानाच्या माळ्यावर मी बरीच वर्षं पडून होते. माझी दांडी लोखंडाची, पारडी पितळेची. पेणच्या बाजारातून धर्माजींच्या वडिलांनी मला आणलं, तेव्हा माझ्या पारड्यात तोंड दिसायचं म्हणे.

माझं उभं आयुष्य सुपारी तोलण्यात गेलं. वाडीवाले पोती घेऊन यायचे, सोललेली सुपारी माझ्यात ओतायचे आणि श्वास रोखून काट्याकडे बघायचे. काटा मधोमध थांबला की सगळ्यांचे चेहरे सैल व्हायचे. धर्माजी कधी बोट टेकवायचे नाहीत, म्हणून लोक लांबून यायचे.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की धर्माजी आपल्या लेकीशी, मृणालशी, एक खेळ खेळायचे. दहाच्या नोटांचं पुडकं तिच्या हातावर ठेवायचे आणि वजन विचारायचे. ती डोळे मिटून सांगायची, मग पुडकं माझ्यात पडायचं. दहाच्या शंभर नोटा म्हणजे सत्तर ग्रॅमच्या आसपास. कोळणींकडून आलेल्या ओलसर नोटा जरा जास्तच भरायच्या. पुढे पुढे तर नुसती रास बघून मृणाल नोटा किती आणि वजन किती ते सांगू लागली. तिचं हसणं अजून माझ्या कानात आहे.

मग मृणाल लग्न होऊन तळा गावी गेली. दुकानात विजेवर चालणारा काटा आला. त्याचे लाल आकडे लोकांना आवडले. मला माळ्यावर ठेवलं, आणि माझ्या पारड्यांत कोळ्यांनी जाळी विणली.

अशी वर्षं गेली. मग चक्रीवादळ आलं आणि शाळेचे पत्रे उडाले. सरकारी मदतीत अर्धंच छप्पर झालं. उरलेल्यासाठी गावानं ठरवलं, दर शनिवारी घरटी दहा रुपये काढायचे. दोनशे घरं होती. वर्षभरात एक लाखाच्या वर जमले, सगळ्या दहाच्याच नोटा. शाळेच्या कपाटात एका डब्यात ते ठेवले होते. कपाटाच्या चाव्या दोन. एक शाळा समितीच्या चिटणीसाकडे, गणराजकडे. दुसरी कोकिळाकडे, कारण ती शाळेत मुलांची खिचडी शिजवायची आणि तांदूळही त्याच कपाटात असायचा.

पत्रे आणायचा दिवस आला, तर डब्यात चारच हजार. गणराजनं सगळ्यांसमोर सांगितलं की आदल्या दिवशी संध्याकाळी डबा त्यानं भरलेला पाहिला होता, आणि त्यानंतर कपाट फक्त कोकिळानं उघडलं. तिला पिशवी घेऊन घरी जाताना लोकांनी पाहिलंच होतं. कोकिळा म्हणाली, "मी घेतलं न्हाय." एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरी कोणी पाणी मागायला थांबेना. शाळेतली तिची खिचडीची पळी दुसऱ्या बाईच्या हाती गेली.

सात दिवसांनी शाळेच्या ओट्यावर बैठक बसली. त्या सकाळी धर्माजी माळ्यावर चढले. मला खाली घेतलं, पंच्यानं पुसलं. त्यांच्या सुनेनं विचारलं, विजेचा काटा असताना ही अडगळ कशाला. ते म्हणाले, "त्याचे आकडे एकट्याला दिसतात. हिची दांडी साऱ्या गावाला दिसते."

मला ओट्याच्या आढ्याला टांगलं. धर्माजींनी गल्ल्यातलं दहाच्या नोटांचं एक पुडकं एका पारड्यात ठेवलं, दुसऱ्यात पन्नास आणि वीस ग्रॅमची वजनं. किती वर्षांनी मी डोलले, मित्रांनो! काटा थरथरला आणि मधोमध थांबला.

धर्माजींनी हिशेब मांडला. सत्तर ग्रॅमचं एक पुडकं, अशी जवळजवळ शंभर. म्हणजे सात किलोला थोडं कमी. एकावर एक रचली तर चौथीतल्या पोरीच्या डोक्याच्या वर रास जाईल. मग त्यांनी कोकिळाची तीच पिशवी मागून घेतली आणि माझ्यात तोलून तोलून तिच्यात सुपारी भरू लागले. दोन किलोतच पिशवी काठोकाठ भरली. पाच किलो सुपारी तशीच ओट्यावर राहिली. त्या संध्याकाळी तिला वाटेत भेटलेला सदा नाखवा तेव्हा उठून म्हणाला की ती पिशवी कोकिळानं एका बोटात अडकवली होती, आणि चालताना ती झुलत होती.

गणराज म्हणाला, तिनं नोटा पाचशेच्या करून नेल्या असतील.

"व्हय," धर्माजी शांतपणे म्हणाले. "पाचशेच्या केल्या तर दोनशे नोटासुदीक होत न्हाईत. खिशात मावतात. पण इतक्या दहाच्या नोटा कुणाला तरी द्यायला हव्यात ना? एका रात्रीत कोण घेईल?"

मागे कमळ बसली होती, पर्यटकांना खोल्या देणारी. ती सावकाश बोलली. दोन महिन्यांपासून गणराजच तिला सुट्टे आणून देत होता, दर खेपेला आठ-दहा पुडकी. बदल्यात पाचशेच्या नोटा नेत होता. समितीच्या सोयीसाठी, असं म्हणाला होता. मग आणखी दोन दुकानदारांनी तेच सांगितलं.

गणराजची मान खाली गेली. मुंबईत धंद्यात घातले होते, परत ठेवणारच होतो, असं तो पुटपुटला. पुढच्या पंधरा दिवसांत त्यानं मोटारसायकल विकली आणि पैसे भरले. पत्रे चढले.

समितीची माणसं कोकिळाच्या दारी माफी मागायला गेली. तिनं चहा दिला, पण शाळेत यायला तिला महिना लागला. पहिल्या दिवशी शाळेत जाताना वाटेत ती दुकानात थांबली. माझं एक पारडं तिनं तळहातावर धरलं आणि धर्माजींना म्हणाली, "दादा, नोटांचं वजन तुमी केलंत. त्या सात दिवसांचं कोण करील?"

आता मी माळ्यावर नाही, दुकानाच्या दारात आहे. मित्रांनो, कुणावर बोट रोखण्याआधी निदान एक पुडकं तोलून बघा. त्याला फार वेळ लागत नाही. आणि तुमच्या घरच्या माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला खाली घ्या, पारडी पुसा, दांडी सरळ टांगा. ती अजून खरं सांगेल.