माझी हमी कोणी घेतली
जुनी म्हणा मला, मित्रांनो, पण मोडकी म्हणू नका. मी एक मोटरहोम आहे. पुढे गाडी आणि मागे घर: दोन पलंग, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी. जन्म दूरच्या थंड देशातला. तिथल्या कारागिरांनी माझ्या छताचा सांधा न् सांधा हाताने भरला. नशिबात मात्र कतारची वाळू होती.

फुटबॉल विश्वचषकाच्या आदल्या वर्षी, दोह्यात जिकडेतिकडे रस्ते खणलेले असताना, तिथल्याच अल गराफा भागात राहणाऱ्या सदानंदरावांनी मला पसंत करून विकत घेतलं. त्यांचे वडील अनंतराव नाशिकहून सामने पाहायला येणार होते. त्यांना समुद्रकाठच्या वाळवंटात एक मुक्काम घडवायचा, असा सदानंदरावांनी शब्द दिला होता. ऐंशीच्या माणसाला घेऊन गेलो आणि गाडीने दगा दिला तर? एवढीच त्यांना धास्ती.

विक्रेता कमाल त्यांच्या पत्नी शोभाताईंना म्हणाला, "मॅडम, एक्स्टेंडेड वॉरंटी ले लो. टेन्शन खलास! सोच लो, एक हफ्ता है."

"घेऊन टाकू," सदानंदराव म्हणाले. "बाबांचा प्रश्न आहे."

शोभाताई हळूच म्हणाल्या, "आधी वाचते."

रोज पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय त्या तोंडात पाणी घेत नाहीत, आणि ओळ कधी गाळत नाहीत. तो कागदही त्यांनी तसाच वाचला, माझ्या पलंगावर मांडी घालून, ओळीखाली बोट धरून. चार दिवस लागले.

"झालं का पारायण?" सदानंदरावांनी चिडवलं.

"झालं. कमालभाईंनी आपल्याला नुसती फलश्रुती सांगितली हो. इंजिन आहे यात. पण छताचा एसी, फ्रीज, पाण्याचा पंप, काही नाही. वाळूने झालेलं नुकसान तर मुळीच नाही. आणि बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला की सगळंच रद्द."

बाहेरचा मेकॅनिक म्हणजे दोह्याच्या नजमा भागात राहणारा परभणीचा किसन. माझं इंजिन ऐकून तो म्हणाला होता, "वैनी, हिचं काळीज घट्ट हाय. वाळू तेवढी खाऊ देऊ नका."

वॉरंटी घेतली नाही. माझ्यावर विश्वास टाकला! मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू!

दर शुक्रवारी किसन यायचा. शोभाताई शेजारी उभ्या राहून शिकायच्या: जाळ्या धुणं, दाराचं रबर पुसणं, टायरची हवा पाहणं. त्यांनी तो नेमच केला. उन्हाळ्याच्या आगीतही एक शुक्रवार चुकला नाही.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी अनंतरावांना आणि त्यांची नात ईरा हिला घेऊन आम्ही निघालो. वाटेत पाण्याची टाकी भरताना वाळू उडवणारा वारा सुटला होता. मुक्कामी पोचलो, आणि नळ कोरडा!

सदानंदरावांचा चेहरा उतरला. "म्हणत होतो मी, वॉरंटी घेऊ."

"वाळूला नव्हतीच ती," म्हणत शोभाताईंनी बाह्या सरसावल्या. पंपाची जाळी काढली, वाळू झटकली, धुऊन परत बसवली. नळ खळखळून वाहू लागला. अनंतरावांनी माझ्या पाण्याचा चहा घेतला आणि अनवाणी वाळूत उतरून नातीकडे चेंडू ढकलला.

"यल्ला, आजोबा! चला, चला!" ईरा ओरडली.

मित्रांनो, हमीचा कागद घ्यायचा तर घ्या, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि घ्या अथवा न घ्या, आम्हा मुक्या गाड्यांवरून आठवड्यातून एकदा तरी मायेचा हात फिरवा.

"सदा," अनंतराव संकोचून म्हणाले, "अजून एक रात्र राहता येईल का रे?"

सदानंदरावांनी शोभाताईंकडे पाहिलं. त्या हसल्या. "गाडीला विचारा."

मी तर केव्हाचीच तयार होते.