एकेचाळीस वेळा तोच श्वास

मी एक जुना चेलो आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. डोकं कसलं, चार खुंट्याच त्या! मला व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा. खुर्चीत बसून, गुडघ्यांत धरून मला वाजवतात.

एका अबोल सुताराने मला घडवलं आणि मला वाजवणाऱ्या मास्तरांनी आपलंसं केलं. बावीस वर्षं आम्ही सिनेमांसाठी वाजवलं. मोठा हॉल, चाळीस वादक, समोर पडदा. पडद्यावर कुणी निरोप घेतला की मास्तर नाकाने ‘हं’ असा श्वास घेत आणि तारांवर गज टेकवत. दुःख मोठं असलं की श्वास लांब. त्यावरून मला कळायचं, आता किती रडायचं आहे.

पुढे कॉम्प्युटरवरच संगीत होऊ लागलं आणि तो हॉल ओस पडला. एक दिवस एका तरुण संगीतकाराचं बोलावणं आलं. खोलीत तो, त्याचा कॉम्प्युटर आणि आम्ही दोघे.

“मास्तर, एकेक सूर सुटा वाजवून द्या.”

मास्तरांना वाटलं, माइक जुळवतोय. निमूटपणे सगळे सूर वाजवून त्यांनी विचारलं, “बरं, आता प्रसंग कुठला?”

“झालं की काम!” तो म्हणाला.

मास्तरांची धाकटी लेक यंत्रावरच संगीत करते. तिला आमचं रडगाणं आवडत नाही, मला तिची घूं-घूं सोसत नाही. असो, ज्याची त्याची आवड. तिनेच त्या संगीतकाराचा सिनेमा घरी लावला. आई जाते तो प्रसंग होता. आणि शी! आवाज माझा, पण ती धून मी वाजवलीच नव्हती; माझे सुटे सूर कॉम्प्युटरवर जोडून ती बनवली होती! प्रत्येक सुराआधी मास्तरांचा तोच, माइक जुळवतानाचा कोरडा ‘हं’. एकेचाळीस वेळा! गेलेल्या आईच्या उशाशी कुणी नाक शिंकरत बसावं तसं. मला शिसारी आली.

धाकटीने तोंड वाकडं करून ते बंद केलं. “बाबा, यंत्राने खुशाल यंत्रासारखं वाजावं. हे कसलं सोंग? किळस आली मला.”

मास्तर एवढंच म्हणाले, “माझं नाक इतकं वाजतं होय?”

तेव्हापासून ते श्वास कोंडून वाजवतात. गज येतो, पण किती रडायचं ते मला कळतच नाही. काल धाकटी दारातून ओरडली, “बाबा, श्वास घ्या ना!” त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि श्वास न घेताच गज टेकवला.

मित्रांनो, तुम्हाला यंत्राचं संगीत आवडो की आमचं, मी रागावणार नाही. पण कुणाचा श्वास कापून भलतीकडे चिकटवू नका. माझ्या तारा तुटल्या तर दुकानात नव्या मिळतात. मास्तरांचा ‘हं’ मिळत नाही.