आईच्या अंगातली देवी

माझी आई बनाबाई. दर मंगळवारी तिच्या अंगात देवी येती, आन् जतजवळच्या आमच्या गावात तिचा शब्द कुणी मोडत न्हाई. मी सांगलीत विश्रामबागेत एका कॉलेजात क्लार्क. रविवारी घरी आलो की स्टँडवरच्या फळ्यावर सुविचार लिहायचा, ही माझी जुनी हौस.

शेजारच्या अंबूबाईला शुगर. देवीनं सांगितलं म्हणून तिनं गोळ्या सोडल्या आन् पायाचं बोट कापावं लागलं. माझं डोकं फिरलं. गळ घालून तिला गोळ्या परत सुरू करायला लावल्या, आन् फळ्यावर लिहिलं, 'अंगारा लावा, पण गोळ्या खावा. देवीला शुगर कळत न्हाई.' आईचं नाव घातलं न्हवतं. म्हंजे गावाला कळणारच न्हाई, एवढा मी शहाणा.

तासाभरात फळ्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर. लोकांच्या भावना दुखावल्या. अंबूबाईचं बोट गेलं तवा कुणाचं काय दुखलं न्हवतं. मी रजा टाकून थांबलो, आन् मंगळवारी गाव देवळात जमलं. भावकीतले थोरले नानासो म्हणाले, "रविराज, आमी कोण निवाडा करणार? देवीलाच इचारू."

म्हंजे माझ्या आईलाच.

तिनं मला सोडलं तर लोक म्हणणार, पोराला सोडलं, देवी खोटी. तिचा चाळीस वर्षांचा मान मातीत. नानासो कानात म्हणाले, "पाया पड गड्या, मिटव." आईच्या पाया मी निघताना दर खेपेला पडतो. पण देवीच्या पडलो तर अंबूबाई उद्याच गोळ्या सोडणार. मी पडलो न्हाई.

आईनं केस सोडले, घुमली, आन् माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्यानं गावात पाय ठेवायचा न्हाई. ही बनाबाई मेली तरीबी न्हाई."

वाळीत टाकणं गुन्हा हाय, मला ठाऊक हाय. पण तक्रारीत नाव कुणाचं लिहू? गावाला निदान देवी बोलली. मी देवी मानत न्हाई, मला बोलली ती आईच. लय लागलं.

कपडे घ्यायला घरी गेलो. उंबऱ्याशी माझी बॅग भरून ठेवलेली. वर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, सकाळी थापलेल्या, पार गार झालेल्या. देवळात जायच्या आधीच तिनं ठरवलं होतं.

मागून आई आली, केस बांधत. अंगातलं गेलं की तिला काय आठवत न्हाई, असं सारं गाव मानतं.

"काय म्हणाली रं देवी?" तिनं इचारलं. तिचे डोळे सुजले होते.

मी बॅग उचलली आन् निघताना सवयीनं तिच्या पाया पडलो. दारात नानासो उभे होते, ते मी बघितलंच न्हाई.

"पडला बघा शेवटी देवीच्या पाया," त्यांनी गावभर सांगितलं.

परवा आईचा फोन आला. अंबूबाईनं गोळ्या सोडल्यात. आन् मला गावात जाता येत न्हाई.