कासवताईची होडी

मित्रांनो, पत्र्याच्या छपराखाली उपडी पडलेली ही जुनी होडी म्हणजे मी.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. माप सांगायला आलेल्या मुलीला तो म्हणाला, "एवढीशी होडी? अगं, मासे कुठे ठेवशील?"

"मासे नाही धरायचे काका, कासवं मोजायचीत."

सुतार पोट धरून हसला. काम मात्र त्याने चोख केले.

सात वर्षे ती मला वल्हवत नदीतल्या वाळूच्या बेटांवर जाई. कासवांची घरटी शोधी, भोवती जाळी लावी, अंडी चोरणाऱ्यांशी कडाकडा भांडे. आधी हसणारे लोकच तिला कासवताई म्हणू लागले. पिल्ले तुरुतुरु पाण्याकडे निघाली की ती श्वास रोखून मोजे. तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

एका वर्षी पिल्ले बाहेर यायच्या दिवसांतच तिला ताप भरला.

"आज नको जाऊस," बाबा म्हणाले.

"आजचा एकच दिवस, बाबा. कावळे टपून बसलेत."

शेवटी बाबांनीच मला पाण्यात ढकलून दिले. परतली तेव्हा तिला उभे राहवत नव्हते. दवाखाना लांब होता. पाचव्या दिवशी ती गेली.

बाबांनी मला इथे आणून उपडे घातले. मला कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मैत्रिणींनी तिच्या नावाने अनुदान सुरू केले. वन्यप्राण्यांसाठी राबणाऱ्या एका स्त्रीला ते दरवर्षी मिळे. बाबा समारंभाला जात, पाकीट हाती देत आणि घरी येऊन माझ्याशेजारी बसत.

चौथ्या वर्षी अनुदान मिळालेली मुलगी घरी आली. तिला याच नदीवर काम करायचे होते.

"काका, ताईंची होडी मिळेल?" तिने चाचरत विचारले.

"नाही. ती तिची आहे."

मुलगी जायला उठली. दारात थांबून म्हणाली, "ताईंनंतर त्या बेटांवर कोणी फिरकलंच नाही. घरटी उरलीत की नाही, तेही माहीत नाही."

बाबा उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "ये, हात लाव."

दोघांनी मला सुलटे केले. तळाच्या फळ्या वाळवीने पोखरल्या होत्या. बोट लागताच भुसा गळला.

बाबांनी खाली बसून तो भुसा ओंजळीत घेतला. "मी जपली होती गं... जिवापाड जपली होती."

ती त्यांच्याजवळ बसून राहिली.

अनुदानातून तिने दुसरी होडी घेतली. आता बाबाही तिच्याबरोबर जातात. काल परतल्यावर ओल्या कपड्यांनीच माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाळा, अकरा घरटी सापडली. तू होतीस तेव्हा चाळीस होती."

मित्रांनो, मला आता नदी दिसायची नाही. पण तुमच्या घरी, जग सोडून गेलेल्या माणसाची एखादी वस्तू झाकून ठेवलेली असेल, तर ती आजच बाहेर काढा. त्याचे काम पुढे नेणाऱ्याच्या हाती द्या. माझ्यासारखी तिला वाट पाहायला लावू नका.